महाविद्यालयात समुपदेशक आला. विद्यार्थी त्याच्याकडे का जात नाहीत?

तुमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, वसतिगृहात किंवा संकेतस्थळावर १४४१६ हा क्रमांक ठळकपणे लावलेला दिसतो का? दिसायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी 'सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य' या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. टेली-मानससह इतर मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहे, वर्गखोल्या, सामायिक जागा आणि संकेतस्थळावर लावणे हे त्यांपैकी एक. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे दुसरे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांशी औपचारिक संलग्नता ठेवायची आहे. याविषयी योग्य कायदा किंवा नियम होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत आणि ती शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ, खासगी शिकवणी वर्ग अशा सर्वांना लागू आहेत.

आदेशामागची आकडेवारी गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. २०२३ मध्ये हा आकडा १३,८९२ झाला. २०२२ मध्ये राज्यनिहाय सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात होत्या. या संख्येत शाळकरी मुलेही येतात आणि प्रत्येक मृत्यूमागे एकच एक कारण नसते, म्हणून आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. तरीही मदत वेळेत मिळायला हवी, एवढे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून आता नेमणुका होतील, कक्ष उघडतील, दारावर पाट्या लागतील. त्यापुढचा प्रश्न मात्र आदेशाने सुटत नाही. दार उघडे असूनही अनेक विद्यार्थी आत जात नाहीत, आणि न जाण्याची कारणे सर्वांची सारखी नसतात. शहरातील इंग्रजी माध्यमाची विद्यार्थिनी, डोंगराळ जिल्ह्यातून वसतिगृहात आलेला आदिवासी विद्यार्थी, ईशान्य भारतातून दिल्लीत शिकायला आलेली तरुणी आणि घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा यांना एकच कक्ष चार वेगळ्या रूपांत दिसतो. सरकारी कागदपत्रांत या सगळ्याला 'जनजागृतीचा अभाव' असे एकच नाव दिले जाते. आमच्या मते हे नाव अपुरे आहे. बऱ्याच विद्यार्थ्यांना सोय माहीत असते. त्यांचे काही रास्त प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे कोणी दिलेली नसतात.

'समुपदेशन' म्हटल्यावर काय ऐकू येते?

आधी शब्दच पाहू. बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला 'काउन्सेलिंग' म्हणजे काय, असे विचारा. तो नीट किंवा जेईईनंतरच्या प्रवेशफेऱ्यांविषयी बोलू लागेल: पहिली फेरी, दुसरी फेरी, जागावाटप, कागदपत्रांची पडताळणी. देशभर लाखो मुलांची या शब्दाशी पहिली ओळख अशीच होते. मराठीतल्या 'समुपदेशन' या शब्दाची अडचण वेगळी आहे. त्यात 'उपदेश' आहे, आणि उपदेश घरी, वर्गात, नातेवाइकांत पुरेसा मिळतो. त्यासाठी वेगळी वेळ घेऊन कोण जाईल? महाराष्ट्रात हा शब्द पोलीस ठाण्याच्या आवारातील कौटुंबिक वादांशीही जोडला गेला आहे. नवरा-बायकोला 'समुपदेशनासाठी बोलावले' म्हणजे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, असाच अर्थ गावात घेतला जातो.

त्यात महाविद्यालयेही भर घालतात. हजेरी कमी भरली, कॉपी करताना सापडला, वसतिगृहात भांडण झाले, की विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठवले जाते. हेतू चांगला असेल, पण बाकीचे विद्यार्थी पाहत असतात आणि त्यातून एकच अर्थ काढतात: तिथे चुकलेल्यांना पाठवतात. अशा खोलीकडे स्वतःहून पाय वळत नाहीत. शिस्तभंगाची कारवाई आणि समुपदेशन हे दोन विषय एकाच टेबलावर ठेवले, तर सूचनाफलकावर कितीही भित्तिपत्रके लावली तरी समज बदलणार नाही.

त्रास सांगण्याची भाषा

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे भाषा म्हणजे केवळ मराठी की हिंदी एवढेच नव्हे. मनाचा त्रास सांगण्याची प्रत्येक भाषेची स्वतःची रीत असते. मराठी विद्यार्थी 'मला नैराश्य आले आहे' असे क्वचितच म्हणतो. 'कशात मन लागत नाही', 'डोकं जड झालंय', 'जीव घाबरा होतो' असे म्हणतो. हिंदी भाषक 'घबराहट' सांगतो, बंगाली विद्यार्थिनी 'मोन खाराप' म्हणते, तमिळमध्ये 'मनसु सरि इल्लै' हे रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. झोप न लागणे, पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे, सतत थकवा ही शरीराची तक्रार म्हणूनच मांडली जाते. त्यामुळे असे विद्यार्थी समुपदेशकाकडे न जाता महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातात. तिथे आम्लपित्ताची किंवा शक्तीची गोळी मिळते, आणि मूळ विषय निघतच नाही.

याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण मदत मागायला हे विद्यार्थी गेलेच होते. ज्या दाराशी गेले त्या दाराच्या आतल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायचे प्रशिक्षण नव्हते. न्यायालयाच्या तत्त्वांनुसार संस्थांतील सर्व शिक्षक व कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हायचे आहे. त्यात दवाखान्यातील डॉक्टर, परिचारिका आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना आधी बसवले, तर त्याचा उपयोग जास्त होईल.

टेली-मानस इथे खरोखर कामाची आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि २० भाषांत चालते. बंगळुरूची निम्हान्स ही तिची शिखर संस्था असून, सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून ५० हून अधिक कक्ष आहेत. आतापर्यंत या सेवेने २० लाखांहून अधिक फोन हाताळले आहेत. पुण्यात शिकणारा तमिळ विद्यार्थी तमिळ भाषा निवडू शकतो. चेन्नईत शिकणारी लातूरची मुलगी मराठी निवडू शकते. महाविद्यालयातील एकट्या समुपदेशकाला हे कधीच जमणार नाही.

पण २० भाषांनाही मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या गेल्या. भिली ही मातृभाषा म्हणून एक कोटीहून अधिक लोकांनी आणि गोंडी सुमारे ३० लाख लोकांनी नोंदवली. नंदुरबार किंवा गडचिरोलीतून जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला आलेला विद्यार्थी मराठी चांगली बोलतो, परीक्षा मराठीत देतो. मात्र आजीच्या मृत्यूविषयी किंवा रात्री दचकून जागे होण्याविषयी त्याने आयुष्यात मराठीत कधी बोललेले नसते. अशा वेळी त्याच भागातला वरिष्ठ विद्यार्थी किंवा आश्रमशाळेतले जुने शिक्षक हेच पहिले ऐकणारे ठरतात. योजनेने त्यांना वगळण्याऐवजी हाताशी धरणे शहाणपणाचे.

कोणाला कळेल?

विद्यार्थ्यांचा सर्वात मोठा प्रश्न आमच्या मते हाच आहे, आणि भारतात तो एकट्याचा नसतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बाबतीत 'तिला मानसोपचारासाठी नेले होते' हे वाक्य पाहुण्यांपर्यंत पोहोचले तर काय, हा विचार तिच्याआधी तिची आई करते. मुलाच्या बाबतीत 'एवढं काय झालं रडायला' हे घरच्यांना बोलावेही लागत नाही, तोच ते स्वतःला सांगतो. आई-वडिलांनी शेत गहाण ठेवून शिकायला पाठवलेल्या मुलाला वाटते, आपण खचलो हे कळले तर तेही खचतील. गप्प बसणे ही त्याची घरच्यांसाठीची काळजी असते. त्याला 'लाज सोड' असे सांगणारे भित्तिपत्रक म्हणूनच भिडत नाही. त्याला लाज वाटतच नसते.

मदत घेण्याविषयीचा कल मोजण्यासाठी फिशर आणि टर्नर या अमेरिकी संशोधकांची १९७० मधील प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: त्रास असलेली व्यक्ती स्वतः ठरवते आणि स्वतः जाते. आपल्याकडे हा निर्णय अनेकदा तीन-चार जणांचा असतो, त्यात मोठा भाऊ असतो, मामा असतो, कधी खोलीतला मित्र असतो. म्हणून अशा मापात भारतीय विद्यार्थ्याचे गुण कमी भरले, तर तो मदत नाकारतो असा अर्थ लगेच काढू नये. तो आधी कोणाला तरी विचारणार असतो.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी हे ओळखले होते. रुग्णाला एकटे दाखल करण्याऐवजी त्यांनी कुटुंबीयांनाही रुग्णालयाच्या आवारात तंबूंमध्ये राहायला बोलावले आणि उपचारांत सामील करून घेतले. आजच्या समुपदेशन कक्षात मात्र बहिणीला सोबत आणले तर बसायला दुसरी खुर्चीही नसते.

कुटुंब सोबत हवे, आणि कुटुंबाला कळू नये. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. कधी एकाच विद्यार्थ्याच्या असतात. कायदा इथे काय म्हणतो ते नीट समजून घ्या. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आरोग्याच्या व उपचारांच्या माहितीबाबत गोपनीयतेचा हक्क आहे, आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर ती राखण्याचे कर्तव्य आहे. जिवाला धोका असणे, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद आहेत. तुम्ही १८ वर्षांचे झाला असाल, तर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हे तुम्ही साध्या कागदावर लिहून ठरवू शकता. ते वडीलच असावेत अशी सक्ती नाही. मोठी बहीण किंवा विश्वासातला मित्रही चालतो.

इथे एक फट आहे, ती आम्ही लपवणार नाही. हे कलम आरोग्य व्यावसायिकांविषयी बोलते. तुमच्या महाविद्यालयात मराठीच्या किंवा वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांनाच 'समुपदेशन समन्वयक' म्हणून अतिरिक्त कार्यभार दिला असेल, तर त्यांच्यावर हेच कर्तव्य याच शब्दांत लागू होते असे गृहीत धरू नका. ते स्वभावाने कितीही चांगले असोत, तेच तुमचे अंतर्गत गुणही भरतात. म्हणून संस्थेचे लेखी गोपनीयता धोरण असणे फार महत्त्वाचे आहे: नोंद कोण ठेवतो, ती कुठे राहते, प्राचार्य ती मागू शकतात का, पालकांना केव्हा कळवले जाते. न्यायालयाच्या तत्त्वांत निनावी नोंदी ठेवून वार्षिक अहवाल देण्याची अपेक्षा आहे. म्हणजे किती विद्यार्थी आले हे वर कळेल, कोण आले हे नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे.

गोपनीयतेची भीती केवळ कमी शिकलेल्या घरांतली नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी २५,५९० पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांनी माहिती भरली, त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले. मानसोपचार हा ज्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्यांचे हे चित्र. उद्या ज्यांच्यासोबत काम करायचे त्याच विभागात आज रुग्ण म्हणून कसे जायचे, ही त्यांची अडचण पुस्तकी ज्ञानाने दूर होत नाही.

एका जुन्या भीतीचे उत्तर मात्र स्वच्छ आहे. 'असे काही बोललो तर पोलीस केस होईल' असे अनेक कुटुंबांना वाटते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ मुळे ही भीती रुजली. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर त्या कलमाखाली खटला चालवू नये, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरलेलेही नाही. मनात येणाऱ्या विचारांविषयी बोलणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

'काय करू ते सांगा'

आत गेलेला विद्यार्थी पुन्हा का येत नाही, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला समुपदेशक फारसा सल्ला देत नाही. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, 'तुम्हाला काय वाटते' असे म्हणतो. विद्यार्थी मात्र मोठ्या माणसाकडे आला आहे. त्याला मार्ग हवा आहे. अर्ध्या तासानंतर तो बाहेर येतो आणि मित्राला सांगतो, 'काहीच सांगितलं नाही रे.' दुसरी भेट होत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच गुरू-चेला नात्याचा उपचारपद्धतीसाठी आदर्श म्हणून विचार करता येईल, अशी मांडणी केली होती. भारतीय माणूस मदत मागताना समोरच्याकडे अधिकार आणि आपलेपणा दोन्ही शोधतो, हा त्यातला मुद्दा आजही लागू पडतो. याचा अर्थ समुपदेशकाने प्रवचन करावे असा नाही. पण पहिल्या भेटीत काहीतरी हातात द्यावे: झोपेचे वेळापत्रक, परीक्षेच्या अर्जाची मुदत वाढवून घेण्याचा मार्ग, शिष्यवृत्ती अडकली असेल तर कोणाला भेटायचे. ज्याचा त्रासच अडकलेल्या शिष्यवृत्तीतून सुरू झाला आहे, त्याला श्वासाचे व्यायाम आधी शिकवणे हा त्याचा अवमान आहे.

अशी सोपी, समस्या सोडवण्यावर भर देणारी मदत उपयोगी पडते याचे भारतीय पुरावे आहेत. गोव्यातील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना फायदा झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पुढे दिल्लीतील सरकारी शाळांत अशाच समुपदेशकांनी किशोरवयीन मुलांसोबत काम केले. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. वर्गात जाऊन एक लहान सत्र घेतले, त्रास म्हणजे काय आणि समुपदेशक नेमके काय करतो हे सांगितले, की स्वतःहून येणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले. ती शाळेची मुले होती, महाविद्यालयाची नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही धडा घेण्यासारखा आहे: माणूस वर्गात आला, दिसला, आपल्या भाषेत बोलला, एवढ्यानेही फरक पडतो.

श्रद्धेचेही असेच. अनेक विद्यार्थी आणि त्यांची घरे आधी देवळात, दर्ग्यात किंवा चर्चमध्ये जातात. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम राज्य सरकारच्या सहभागाने सुरू झाला. प्रार्थना थांबवायला न सांगता तिथेच मानसोपचाराची सोय देण्यात आली. समुपदेशकाने विद्यार्थ्याच्या मनगटावरचा गंडा पाहून भुवया उंचावल्या, तर संभाषण तिथेच संपते.

जेव्हा त्रासाचे कारण आवारात असते

काही विद्यार्थी वेगळ्याच कारणाने समुपदेशन टाळतात, आणि त्यांचे कारण सर्वात अवघड आहे. जातीवरून टोमणे, आरक्षणावरून कुजबुज, चेहऱ्यावरून 'परदेशी' ठरवणे, लैंगिक ओळखीची थट्टा. ज्याला हे रोज सोसावे लागते, त्याला 'समुपदेशकाकडे जा' असे सांगितले की त्याला ऐकू येते: दोष तुझ्या मनात आहे. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारी तपासणाऱ्या, डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्येच हा भेदभाव शिक्षणाच्या ठिकाणी कसा चालतो हे नोंदवले होते. ईशान्येकडील नागरिकांवरील हल्ले व भेदभावाचा अभ्यास करणाऱ्या बेझबरुआ समितीचा अहवाल २०१४ चा. दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील नागरिकांसाठी वेगळे पथक आणि १०९३ ही वेगळी मदतवाहिनी ठेवली आहे. आपले म्हणणे समजून घेणारे कोणी असेल या विश्वासावरच माणूस फोन उचलतो, हे त्या व्यवस्थेमागचे साधे कारण.

न्यायालयाच्या तत्त्वांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक, एलजीबीटीक्यू समुदाय, दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे व भेदभावाविना वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी २४ मार्च २०२५ रोजी 'अमित कुमार' प्रकरणात न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दलही नेमले. दिशा बरोबर आहे. पण तक्रार आणि समुपदेशन ही दोन वेगळी दारे आहेत, आणि एकाच्या बदल्यात दुसरे दाखवता येणार नाही. भेदभावाची तक्रार समान संधी कक्षाकडे किंवा अंतर्गत समितीकडे जायला हवी आणि तिचा निकाल लागायला हवा. त्या काळात विद्यार्थ्याला आधार म्हणून समुपदेशक असावा. चांगला समुपदेशक ही तक्रार लिहायलाही मदत करेल. 'विसरून जा, अभ्यासावर लक्ष दे' असे सांगणारा समुपदेशक विद्यार्थ्याला एकदाच भेटतो.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

महाविद्यालयाच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा: समुपदेशकाची पात्रता काय, भेटीची नोंद कोणाला दिसते, आणि तुमच्या भाषेत बोलणारे कोणी आहे का. उत्तर लेखी मिळाले तर उत्तम. पात्रतेविषयी एवढे लक्षात ठेवा की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; 'समुपदेशक' ही पाटी मात्र अनेक प्रकारच्या लोकांनी लावलेली आढळते. म्हणून विचारण्यात संकोच नको.

महाविद्यालयात कोणाला भेटायचे नसेल तर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ वर फोन करा. भाषा निवडल्यावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी जोडून देतो. प्रत्यक्ष उपचार हवे असल्यास जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केंद्राकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयात, पाठवले जाते. शिक्षण मंत्रालयाच्या 'मनोदर्पण' उपक्रमाचा क्रमांक ८४४८४४०६३२ हा आहे. ही सेवा जुलै २०२० पासून विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासाठी आहे. 'डोकं दुखतंय, झोप येत नाही' एवढेच सांगून सुरुवात केली तरी चालते. आजाराचे नाव तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. मैत्रिणीला शेजारी बसवून फोन केला तरी हरकत नाही. जीव नकोसा वाटत असेल, किंवा मित्राच्या बोलण्यात तसे जाणवले, तर फोन उद्यावर ढकलू नका, आणि त्या मित्राला एकटे सोडू नका.

पालकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच आरोग्य विमा उपलब्ध करून देणे २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे मुलाचे उपचार 'रेकॉर्डवर येतील' या धास्तीने ते खासगीत, महागात आणि अर्धवट करण्याचे कारण नाही.

संस्थेत समुपदेशक नसेल किंवा फलकावर क्रमांकच नसेल, तर आधी प्राचार्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमण्यास सांगितले आहे. अंमलबजावणी पाहणे, तपासणी करणे आणि तक्रारी स्वीकारणे ही तिची कामे आहेत. तिच्याकडील अर्ज साध्या कागदावर, मराठीत किंवा तुमच्या राज्याच्या भाषेत, संस्थेचे नाव आणि काय आढळले एवढे लिहून देता येईल. त्यात स्वतःच्या त्रासाविषयी एक शब्दही लिहिण्याची गरज नाही.